नवव्या चॅनेलच्या किल्लीबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
उपकरणे कक्ष, खिडकी क्रमांक चार (किंवा सहा, कारण अर्जात दिले आहे),
ग्राहक हक्क कार्यालय, मोंतेविदेओ.

विषय : आमच्या मालकीच्या साउंड मिक्सरचे कुलूप उघडण्याची किल्ली कंपनीकडून मिळवून देणेबाबत, तसेच परवाना यमकात गायल्याबद्दल आलेल्या नोटिशीबाबत.

संदर्भ : १) ओंदाक्लारा ध्वनी उपकरणे या कंपनीची वकिलामार्फत आलेली नोटीस, दि. ५ फेब्रुवारी.
२) माझा डिसेंबरातील अर्ज, जो सध्या आपल्या कार्यालयात खिडकी चार आणि खिडकी सहा यांच्या मधे कुठेतरी आहे.

महोदय,

मी, सुलमा एचेगोयेन, सायागो वस्तीतील ‘उशिरा पण उपाशी’ या नोंदणीकृत मुर्गा मंडळाची सचिव, मंडळाच्या वतीने पुढील हकिकत आपल्यापुढे ठेवत आहे. माझी सगळी नोकरी टपाल कचेरीच्या काउंटरमागे झाली आहे. लांब अर्ज आला की वाचणारा आधी शेवटचे पान उलटून विनंती काय आहे ते बघतो, हे मला ठाऊक आहे, कारण मीही तेच करत असे. या वेळी कृपया तसे करू नये.

१. मंडळाच्या घटनेनुसार मुर्गाचा, म्हणजे आमच्यासारख्या गाणाऱ्या चमूचा, उद्देश असा आहे : कार्निवलच्या दिवसांत तोंडाला रंग फासून, स्वतः शिवलेले झगे घालून, वर्षभरात सरकारने, नगरपालिकेने, शेजाऱ्यांनी आणि आपण स्वतः केलेल्या मूर्खपणाची गाण्यातून थट्टा करणे व लोकांना हसवणे. मंडळात चौदा गाणारे आणि तीन वाजवणारे असे सतरा जण आहेत. सतरा जणांना सतरा माईक लागतात आणि प्रत्येक माईकला मिक्सरवर एक चॅनेल लागतो. यासाठी मंडळाने तीन वर्षांपूर्वी वरील कंपनीचा चोवीस चॅनेलचा साउंड मिक्सर विकत घेतला. त्यासाठी अख्ख्या वस्तीने एक हिवाळाभर आमच्या हातच्या तोर्ता फ्रिता, म्हणजे तळलेल्या पोळ्या, विकत घेऊन खाल्ल्या आहेत. त्या कशा होत्या हे इथे लिहिण्याचे कारण नाही, पण लोकांनी त्याग केला आहे एवढे नमूद करते.

२. गेल्या नोव्हेंबरात, तालमी ऐन रंगात असताना, मंडळाच्या खजिनदाराने क्लबमध्ये फुटबॉलचा सामना बघण्यासाठी इंटरनेट सुरू केले. मिक्सरला ते कसे कळले माहीत नाही. त्याने कोणाला न विचारता कंपनीकडून नवे सॉफ्टवेअर उतरवून घेतले, तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने ‘आपल्या यंत्रात सुधारणा झाली आहे’ असे पडद्यावर झळकवले. ती सुधारणा अशी की चोवीसपैकी फक्त पहिले आठ चॅनेल चालू राहिले. बाकीच्या ठिकाणी छोट्या कुलपाचे चित्र आले. कंपनीने आमचे मॉडेल ‘घरगुती’ वर्गात टाकले असून घरगुती माणसाला आठ चॅनेल पुरतात, जास्त हवे असल्यास दरमहा वर्गणी भरावी, असा खुलासा मिळाला. वर्गणी भरण्याची आमची तयारी नाही. स्वतःच्या घरातल्या मागच्या खोल्या स्वतःच भाड्याने घेण्याची पद्धत सायागोत अजून आलेली नाही. दुसरा मिक्सर भाड्याने बघितला, पण कार्निवलच्या दिवसांत या शहरात लग्नाला नवरा मिळेल, मोकळा मिक्सर मिळणार नाही.

३. कंपनीचे प्रतिनिधी श्री. इतुरबुरू यांना मी फोन केला. ते सभ्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “बाई, तुम्ही यंत्र विकत घेतलंय, बरोबर आहे. पण त्याच्या आतलं डोकं आमचंच आहे. ते तुम्हाला नुसतं वापरायला दिलंय.” मी म्हटले, “अहो, मी गाय विकत घेतली, तर तिचं डोकं दुकानदाराकडे राहतं का?” त्यावर त्यांनी फोन धरून ठेवायला सांगितले आणि मी बराच वेळ त्यांचे संगीत ऐकले. ते मात्र सगळ्या चॅनेलांवरून येत होते.

४. आता मुख्य अडचण. मंडळ रंगमंचावर अर्धवर्तुळात उभे राहते आणि माईकना डावीकडून उजवीकडे क्रमांक असतात. सतरामध्ये नववा माईक बरोबर मधला. मधल्या जागेवर आमचा सर्वांत उंच पट्टीचा गायक उभा असतो, आणि तो म्हणजे एलाद्यो एचेगोयेन. सदर इसम अर्जदाराचे थोरले बंधू आहेत, याला अर्जदाराचा नाइलाज आहे. वय एकोणऐंशी. तरुणपणी ते गार्सोन चौकात वर्तमानपत्रे विकायचे. बसच्या, घोडागाडीच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या आवाजाच्या वरताण बातमी पलीकडच्या फुटपाथवर पोचवायची, म्हणून नाकातून काढलेला तो धारदार आवाज. मुर्गाचा आवाज तोच. मागच्या वर्षी त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. सूर सगळे शाबूत आहेत, फक्त जोर गेला. माईक असला तर अजूनही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतात, नसला तर दुसऱ्या रांगेतल्यांना वाटते की म्हातारा जांभई देतोय. डॉक्टरांनी सांगितले आहे की एवढा एक कार्निवल गा, पुढच्याचे बोलू नका.

५. आठ चालू माईकपैकी एक एलाद्योला देण्यास मंडळातील सर्व जण तयार होते. खरे तर त्यावरून भांडणच झाले, कारण प्रत्येकाला आपलाच द्यायचा होता. एलाद्यो म्हणाले, “कोणाचा तरी आवाज काढून मला देणार असाल, तर मी घरी बसून रेडिओ ऐकतो. माझा नऊ नंबरचा सुरू करा, नाहीतर राहू द्या.” आम्ही दोघांत एक माईक करून पाहिला. त्यात आमचा सर्वांत उंच गडी ओसिरिस आणि सर्वांत बुटका बासिलिसो यांची जोडी लागली आणि एकाला कायम गुडघ्यात वाकून गावे लागले. ओसिरिसचा गुडघा अजून दुखतो. एलाद्यो मधल्या जागेवर, बंद माईकसमोर उभे राहून पूर्ण जोर लावून गातात. ते बघवत नाही.

६. आमच्यात मोठा ढोल वाजवणारी वानिना रिबेइरो ही तांत्रिक शाळेत संगणक शिकवते. तिने मिक्सरसोबत आलेली पुस्तिका शेवटपर्यंत वाचली, जी माझ्या माहितीप्रमाणे मनुष्यजातीत प्रथमच कोणी वाचली असावी. शेवटी बारीक अक्षरात एक परवाना छापलेला आहे. वानिनाने सांगितले, “सुलमाताई, हे आतलं डोकं कंपनीचं नाहीच. जगभरच्या लोकांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं सोडलेलं सॉफ्टवेअर आहे हे. कंपनीनं फुकट उचललंय, फक्त एका अटीवर : ज्याला यंत्र विकाल, त्यानं मागितलं तर त्याचा मूळ मजकूर द्यायचा, आणि त्याला तो बदलू द्यायचा.” म्हणजे जी वस्तू कंपनीला कुलपाशिवाय मिळाली, तिला कंपनीने आम्हाला देताना कुलूप लावले आहे. हे ऐकून खजिनदाराने जो शब्द वापरला तो अर्जात बसत नाही.

७. परवान्यानुसार मी कंपनीला पत्र पाठवून मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, मागितला. तीन आठवड्यांनी एक ट्रक आला. कंपनीने संपूर्ण सोर्स कोड कागदावर छापून खोक्यांतून पाठवला होता. क्लबच्या पत्त्यांच्या खोलीत त्यानंतर पत्ते खेळायला जागा उरली नाही. परवान्यात ‘यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात’ असे स्पष्ट लिहिले आहे. वानिनाने ओंजळभर कागद उचलले आणि मिक्सरला म्हणाली, “घे, वाच.” मी दुसरे पत्र पाठवल्यावर कंपनीने तोच मजकूर एका छोट्या डिस्कवर दिला, याबद्दल मंडळ आभारी आहे. कागद परत नेण्यास कंपनीने नकार दिला. त्यांच्या कोऱ्या बाजूवर या वर्षीची सर्व गाणी लिहिली असून पुढची काही वर्षे कागदाची ददात नाही.

८. वानिनाने त्या मजकुरात आठाची मर्यादा शोधून काढली. एक ओळ होती. तिने आठाचे चोवीस केले, मजकूर पुन्हा मिक्सरमध्ये भरला आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून उभे राहिलो. पडद्यावर आले : ‘या सॉफ्टवेअरवर कंपनीचा शिक्का नाही. यंत्र सुरू होणार नाही.’ कंपनीचे जुने सॉफ्टवेअर परत भरले, तेव्हा कुठे ते पुन्हा आठ चॅनेलांवर सुरू झाले. म्हणजे सोर्स कोड द्यायचा, तो बदलायची मुभा द्यायची, आणि बदललेला चालवायला लागणारा गुप्त शिक्का मात्र आपल्या खिशात ठेवायचा. हे म्हणजे पाहुण्याला ताट वाढून त्याचे हात बांधल्यासारखे झाले. तो शिक्का उमटवणारी जी किल्ली आहे, तीच आम्ही मागत आहोत.

९. किल्लीबाबत परवाना काय म्हणतो, ते सोबतच्या प्रतीत लाल पेन्सिलने खूण करून ठेवले आहे. घरगुती वापराची वस्तू विकली असेल, तर बदललेले सॉफ्टवेअर त्यात बसवण्यासाठी जे काही लागते तेही ग्राहकाला दिलेच पाहिजे. व्यावसायिक यंत्राला ही सक्ती नाही. आमचा मिक्सर कंपनीने स्वतःच घरगुती ठरवलेला आहे. मी किल्ली मागितली. कंपनीचे उत्तर आले की, सदर मिक्सर हे व्यावसायिक यंत्र असल्याने किल्ली देता येत नाही. मग आमचे सतरा चॅनेल सुरू करा, असे मी कळवले. उत्तर आले की, सदर मिक्सर घरगुती असल्याने आठच मिळतील. हा पत्रव्यवहार दोन वेगवेगळ्या विभागांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावरच्या एकाच पेनाने केला आहे असे सह्यांवरून वाटते.

१०. या टप्प्यावर मी आपल्या कार्यालयात आले. खिडकी चारवरील ताईंनी विचारले, “वस्तू घरगुती आहे की व्यावसायिक? इथं फक्त घरगुती.” मी कंपनीचे पत्र दाखवले. त्या म्हणाल्या, “यात तर व्यावसायिक लिहिलंय, सहावर जा.” खिडकी सहावरील साहेबांनी दुसरे पत्र बघितले आणि म्हणाले, “मावशी, हे घरगुती आहे, चारवर जा.” दोन्ही खिडक्यांवर मला आदराने वागवले गेले आणि चारवर माते हा आपला कडू चहा प्यायला दिला. माझी तक्रार माणसांबद्दल नाही. पण चार आणि सहाच्या मधे पाच नंबरची जी खिडकी आहे, ती बंद असते, आणि माझा अर्ज तिथेच असावा असा माझा कयास आहे.

११. न्याय मिळेपर्यंत काय करायचे, तर मंडळाला एकच काम येते. आम्ही त्यावर गाणे केले. आमचे गीतकार बासिलिसो यांनी तो परवानाच चालीवर बसवला. कायद्याची भाषा गाण्यात बसत नाही, म्हणून त्यांनी ठिकठिकाणी शब्द फिरवले. ‘हमी दिली जात नाही’ या वाक्याला यमक सापडेना, म्हणून तिथे त्यांनी आपल्या सासूला आणले. एलाद्योला मधले कडवे दिले, कारण त्यात ‘किल्ली’ या शब्दावर सर्वांत वरचा सूर लागतो. पहिल्या प्रयोगाला लोक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले, आणि एलाद्योच्या कडव्याला, काही ऐकू येत नसल्यामुळे, मागच्या रांगांत जेवणाखाण्याच्या गप्पा सुरू झाल्या.

१२. त्यावर संदर्भातील नोटीस आली. नोटिशीत म्हटले आहे की, परवान्याच्या पहिल्याच ओळीत ‘हा मजकूर जसाच्या तसा कोणीही वाटावा, पण त्यात बदल करू नये’ असे लिहिले असून मंडळाने त्यात सात ठिकाणी बदल केला आहे, सबब मंडळानेच परवान्याचा भंग केला आहे. महोदय, हे खरे आहे. सॉफ्टवेअर बदलायला परवानगी आहे, पण परवाना बदलायला नाही, ही ओळ आमच्या नजरेतून सुटली. यमकासाठी काहीही फिरवायची आमची पिढ्यांची खोड आहे. आम्ही राज्यघटनेचीही तीच गत केलेली आहे. मंडळ याबद्दल मनापासून दिलगीर आहे. कंपनीने अखेर परवाना उघडून वाचला, हे समजल्याने मंडळाला समाधानही वाटले. मात्र त्यांचे वाचन पहिल्या ओळीपाशी थांबलेले दिसते. किल्लीचे कलम पुढे आहे.

१३. झालेली चूक सुधारण्यासाठी मंडळाने ठराव केला आहे की, यापुढे परवाना एकही शब्द न बदलता, जसाच्या तसा गायला जाईल. तालमीत त्याला पाऊण तास लागला. ढोल वाजवता वाजवता वानिनाला डुलकी लागली. कंपनीने प्रयोगाला येऊन खात्री करावी असे निमंत्रण दिले, तेव्हा श्री. इतुरबुरू स्वतः गेल्या गुरुवारी हातात मूळ प्रत घेऊन आले आणि पहिल्या रांगेत बसले. पहिली पाच पाने त्यांनी बोट ठेवून तपासली. सहाव्या पानावर ते हसले, आणि मग त्यांना आवरेना. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, देवाशपथ, मला तुमचं पटतं. पण किल्ली माझ्याकडे नाही. कोणाकडे आहे, तेसुद्धा मला सांगत नाहीत.” हे त्यांचे खाजगी बोलणे असल्याने आपण ते अर्जात वाचले असे कृपया त्यांना कळवू नये.

१४. तरी नम्र विनंती अशी की :

(अ) सदर मिक्सर घरगुती की व्यावसायिक, हे आपल्या सहीने एकदाच ठरवून द्यावे. आम्हाला दोन्हीपैकी काहीही चालेल. व्यावसायिक असेल तर चोवीस चॅनेल द्यावेत, घरगुती असेल तर किल्ली द्यावी, ती आली की चॅनेल आम्ही बघून घेऊ.

(आ) निर्णय कार्निवल संपण्याआधी व्हावा. आमचा शेवटचा प्रयोग २९ फेब्रुवारीला सायागोच्या चौकातील मांडवात आहे.

(इ) परवाना यमकात गायल्याबद्दल काही शिक्षा असल्यास ती बासिलिसोला स्वतंत्रपणे द्यावी, त्याची तयारी आहे. त्याच्या सासूचीही आहे.

१५. अर्ज इथे संपायला हवा. पण त्याच गुरुवारी आणखी एक गोष्ट घडली आणि ती कंपनीच्या वकिलापर्यंत पोचली आहे, म्हणून ती माझ्याकडून आपल्याला कळलेली बरी.

परवाना गाता गाता एलाद्योचे कडवे आले, तेव्हा पहिल्या रांगेतून कोणीतरी “शूऽऽ” केले. ते मागे मागे गेले. वस्तीला आता माहीत झाले आहे की नववा माईक बंद आहे. चोरिसो सॉसेज भाजणाऱ्याने पंखा बंद केला. पोरांनी कुत्री धरली. कोपऱ्यावर थांबलेल्या बसच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि उतारूही काही बोलले नाहीत. एलाद्यो गायले, आणि माईकशिवाय, ती सगळी गर्दी भेदून, ‘किल्ली’वरचा वरचा सूर शेवटच्या रांगेत ऐकू गेला. मी तिथेच उभी होते, मी ऐकला. कंपनीचे वकील आता म्हणतात की, यावरून मंडळाला नवव्या चॅनेलची गरज नाही हे सिद्ध होते.

महोदय, त्या रात्री मी भावाला घरी नेले. मला वाटले, तो खूश असेल. तोंडाचा रंग न पुसता तो खुर्चीवर बसून राहिला. मी म्हटले, “दादा, अख्ख्या वस्तीनं ऐकलं तुला.” तो म्हणाला, “ऐकलं गं. पण सुलमे, कुणी हसलं नाही. माझं कडवं आहे, आणि हसू दाबून बसले सगळे, माझा आवाज चुकू नये म्हणून. मयताला आल्यासारखे.”

तो साठ वर्षे लोकांना हसवण्यासाठी गात आला आहे. लोक खदखदा हसत असताना, त्यांच्या हसण्याच्या वरून ऐकू यावे, यासाठीच तो आवाज केलेला आहे आणि यासाठीच माईक असतो. माझ्या भावाचा हा शेवटचा कार्निवल आहे. त्याच्या तोंडावर लोकांना मोकळेपणाने हसता यावे, एवढ्यासाठी ती किल्ली द्यावी.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
सुलमा एचेगोयेन
सचिव, ‘उशिरा पण उपाशी’ मुर्गा मंडळ,
सायागो, मोंतेविदेओ.
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२४